लाकडी शाळा बांधायची तर: खानापूर-बेळगाव भागासाठी मास टिंबरची वाट

आपल्याकडे शाळेची नवी इमारत म्हटली की आरसीसीची चौकट, वर स्लॅब, आणि काही वर्षांत तो स्लॅब गळायला लागला की त्याच्यावर चढवलेले पत्रे, हेच चित्र असते. जांबोटी, कणकुंबीकडच्या पत्र्याच्या वर्गात आषाढात शिकवणाऱ्या गुरुजींना विचारा. पाऊस लागला की फळ्यावर लिहून देण्यापलीकडे काही करता येत नाही, आवाज पोचतच नाही. जाड लाकडाच्या छपराखाली हा त्रास बराच कमी होतो. शिवाय इमारत हलकी होते आणि कारागीर तर आपल्या गावांतच आहेत. पण ओलावा, वाळवी आणि कागदपत्रे या तीन गोष्टी आधी नीट समजून घेतल्या नाहीत, तर मास टिंबरच्या नादी न लागलेलेच बरे. संस्थाचालक, शाळा सुधारणा समितीचे लोक आणि तरुण इंजिनिअर यांनी कामाला हात घालण्याआधी काय काय बघावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी प्रकार ठरवा

मास टिंबर म्हणजे लहान फळ्या जोडून केलेले जाड, भार पेलणारे घटक. फळ्या एकाच दिशेने थरावर थर चिकटवून तुळई केली तर ती ग्लुलॅम. जर्मनीत ऑटो हेट्झर यांनी 1906 मध्ये याचे पेटंट घेतले, म्हणजे हे काही कालपरवाचे तंत्र नव्हे. थर एकमेकांना आडवे-उभे ठेवून मोठ्या पाट्या केल्या तर ती सीएलटी. ती 1990 च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत पुढे आली. तिसरा प्रकार एनएलटी: फळ्या काठावर उभ्या करून एकीला एक खिळ्यांनी ठोकत जायचे. याला ना मोठे दाबयंत्र लागते, ना डिंक.

माझे मत स्पष्ट आहे. परदेशातून सीएलटीच्या पाट्या कंटेनरने आणून खानापूरच्या घाटरस्त्याने नेण्यात आपल्या शाळांचा फायदा नाही. इथे जमते ते असे: जोते दगडाचे, खांब आणि तुळया ग्लुलॅमच्या किंवा चांगल्या जुन्या भरीव लाकडाच्या, तक्तपोशी (तुळयांवरचा फळ्यांचा थर) एनएलटीची, भिंती जांभ्याच्या किंवा विटांच्या. संडास आणि अक्षर दासोहचे (शाळेतल्या दुपारच्या जेवणाचे) स्वयंपाकघर पूर्णपणे वेगळे आणि पक्क्या बांधकामाचे. गावात जागा असेल तर एकमजलीच बांधा. दुमजलीचा विचार बेळगाव-निपाणीसारख्या शहरांत, जिथे जागाच नाही, तिथे करा.

मंजुरीचे काम लाकडाच्या आधी

सरकारी शाळेची इमारत ठरलेल्या नकाशांवर आणि सरकारी दरपत्रकावर चालते. त्यात लाकडी सांगाडा बसवणे अवघड असते. म्हणून पहिले प्रयोग संस्थांच्या शाळांत किंवा देणगीतून होणाऱ्या वर्गखोल्यांत करावेत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने इमारतींत लाकूड वापरण्यावर 1993 मध्ये घातलेली बंदी 2020 मध्ये उठवली आहे. एखाद्या कार्यालयात 'लाकूड चालत नाही' असे ऐकायला मिळाले तर हे सांगता येते.

इंजिनिअरला तीन गोष्टी आधीच विचारा: राष्ट्रीय इमारत संहिता 2016 च्या भाग 6 मधला लाकडाचा विभाग त्याने वाचला आहे का, आयएस 883 (लाकडी बांधकामाचे भारतीय मानक) प्रमाणे तो हिशेब करणार का, आणि लाकडाच्या जोडांचे नकाशे स्वतः काढणार का. तिसऱ्या प्रश्नाला 'ते मेस्त्री बघून घेईल' असे उत्तर आले, तर दुसरा इंजिनिअर शोधा. कार्यालयाला द्यायचे कागद कन्नडमध्ये लागतात, ते तसेच द्या. पण सुताराच्या हातात जाणारा मापांचा कागद त्याला वाचता येईल अशा मराठीत वेगळा करा. या एका कागदावाचून बरीच कामे अडलेली असतात.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्ग, मुला-मुलींचे वेगळे संडास आणि अडथळ्याविना प्रवेश हे सगळे आहे. 'सर्व ऋतूंत टिकणारी' हे शब्द लाकडी इमारतीच्या फाइलवर सगळ्यात आधी तपासले जातील, असे धरून चाला.

माती आणि जोते

खानापूरकडे जांभा लागतो, चिकोडी-अथणी-बैलहोंगलकडे काळी माती. काळ्या मातीवर लाकडाचा हलकेपणा उपयोगी पडतो. 12 सेंटीमीटर जाडीची एनएलटी तक्तपोशी साधारण 70 ते 80 किलो प्रति चौरस मीटर भरते, साडेबारा सेंटीमीटरचा आरसीसी स्लॅब तीनशेच्या वर जातो. म्हणून पाया बारीक करून मात्र चालत नाही. काळी माती फुगणार-आकसणार हे गृहीत धरूनच तो करावा लागतो. पण वरचा भार कमी असल्याचा फायदा मिळतोच.

जोते जमिनीपासून किमान 45 सेंटीमीटर, आणि खानापूर तालुक्यात मी तर 60 घ्या म्हणेन. ऑगस्ट 2019 मध्ये मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय कुठवर आल्या होत्या, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून त्या रेषेच्या वर जा. जुन्या वाड्यांचे खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) उभे असत, मातीत कधीच नाही. आपणही तेच करायचे, फक्त तळखड्यावर लोखंडी बूट बसवायचा आणि खांबाचा तळ दगडापासून दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवायचा. तिथे पाणी साचता कामा नये आणि वारा खेळला पाहिजे.

लाकूड कुठून, कसले

इथे घाई झाली की सगळे काम बिघडते.

खांब आणि तुळयांसाठी सागवान, ऐन (ज्याला आपण मत्ती म्हणतो), किंदळ ही ओळखीची लाकडे. दांडेलीच्या वनखात्याच्या डेपोत लिलाव होतात, तिथून घेतलेल्या मालाचा कागद पक्का असतो. शेताच्या बांधावरचे झाड तोडायचे असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा 1976 खाली परवानगी लागते आणि नेताना वाहतुकीचा पास लागतो. सीमाभागात यातच गोंधळ होतो: शेत चंदगड तालुक्यात, शाळा बेळगाव तालुक्यात, मध्ये राज्याची हद्द. झाड आपलेच असले तरी ट्रक दुसऱ्या राज्यात शिरतो, त्यामुळे महाराष्ट्रातला पास हवाच. वनखात्याच्या रेंज ऑफिसात आधी जाऊन या, चेकपोस्टवर वाद घालण्यात अर्थ नाही. सॉ मिलचा परवानाही बघून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या, जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन आदेशानंतर विनापरवाना कापणी महागात पडते.

दुसरी सोय म्हणजे जुने लाकूड. शहापूर, निपाणी, बेळगावचा जुना भाग, जिथे जिथे वाडे पाडले जात आहेत तिथल्या तुळया वखारीत येतात. हे लाकूड पूर्ण मुरलेले असते, आकसायचे ते आकसून झालेले. पण घेताना तीन तपासण्या करा. टोके आणि भिंतीत गेलेला भाग टोचा मारून बघा, कुजका असेल तर टोचा सहज आत जातो. पांढरी भुकटी गळत असेल तर आत किडा जिवंत आहे. आणि कापायला देण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा, कारण आत गेलेला जुना खिळा सॉ मिलच्या पात्याचे दात उडवतो, आणि मग मालक तुमचे पुढचे लाकूड कापून देत नाही.

एनएलटीसाठी इतके भारी लाकूड लागत नाही. सिल्व्हर ओक, अकेशिया, निलगिरी अशी लागवडीची झाडे किंवा बाहेरून येणारे पाइन चालते. पाइनला कीड आणि बुरशी लवकर लागते, म्हणून प्रक्रिया केल्याशिवाय घेऊ नका. निलगिरी वाळताना पीळ घेते, तेव्हा ती घ्यायची तर भट्टीत वाळवलेली आणि रंधा मारून सरळ केलेलीच घ्या.

ग्लुलॅम मात्र शाळेच्या अंगणात करू नका. दारे-खिडक्यांचा पांढरा डिंक तुळईला चालत नाही. फिनॉल-रिसॉर्सिनॉल किंवा पॉलीयुरेथेन जातीचा सांगाड्याचा डिंक, नेमका दाब, नेमके तापमान हे सगळे कारखान्यात होते. सागवान तेलकट असल्याने डिंक धरायला नखरे करते. रंधा मारल्यावर लगेच चिकटवावे लागते. ज्यांच्याकडे चाचणीचा कागद नाही, त्यांच्याकडून तुळई घेऊ नका. लाकडाबद्दल शंका असेल तर बेंगळुरूला मल्लेश्वरममध्ये लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे विचारता येते.

वाळवणे

लाकडातला ओलावा 12 ते 15 टक्क्यांवर आला की बसवा, त्याआधी नको. 20 टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशीला दार उघडते. मॉइश्चर मीटर फार महाग नसतो, समितीने स्वतःचा एक घेऊनच टाकावा. त्यावर विश्वास नसेल तर साधा हिशेब आहे. तुकडा वजन करा, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, परत वजन करा. 230 ग्रॅमचा तुकडा 200 वर थांबला तर गेलेले पाणी 30 ग्रॅम, कोरड्या वजनाच्या 15 टक्के. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, प्रयोगशाळेत हे सहज होते. तुकडा मात्र टोकाचा नको. टोक आधी वाळते आणि खोटे सांगते. फळीच्या मधून, टोकापासून हातभर आत घ्या.

रचताना प्रत्येक थरामध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घाला, आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत आल्या पाहिजेत. नाही तर फळ्यांना बाक येतो. वर छप्पर हवे, बाजू उघड्या हव्यात. प्लास्टिकच्या कागदात गच्च गुंडाळलेले लाकूड आतून घामेजते. खानापूरच्या पावसात उघड्यावर लाकूड वाळेल ही आशा धरू नका. जाड लाकडाला इंचामागे वर्ष लागते असा सुतारांचा अंदाज असतो, तो वेळ नसेल तर भट्टी शोधा.

खण, मापे आणि एक हिशेब

वर्ग 6 मीटर रुंद, 9 मीटर लांब घ्या, तीन-तीन मीटरचे तीन खण. तुळई 6 मीटर जाते, तक्तपोशी एका तुळईवरून दुसरीवर 3 मीटर जाते. सुताराला हे समजावताना मीटर सांगायची गरज नाही. तीन खणांची खोली म्हटले की त्याच्या डोक्यात नकाशा उभा राहतो.

वर मजला असेल तर आयएस 875 प्रमाणे वर्गात प्रति चौरस मीटर 3 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 300 किलो, आणि व्हरांडा-जिन्यावर 4 किलोन्यूटन माणसांचा भार धरतात. लाकूड आणि वरचा थर यांचे वजन मिळून आणखी 2 धरले तर एकूण 5, आणि 3 मीटरच्या खणामुळे एका तुळईवर मीटरमागे 15 किलोन्यूटन येतात. सागवानाच्या ताकदीची 180 बाय 500 मिलिमीटरची तुळई हा भार घेते आणि मधोमध दीड सेंटीमीटरच्या आत वाकते. हा प्राथमिक अंदाज आहे, यावर माल घेऊ नका. पण दरपत्रक मागवायला पुरतो: अशी एक तुळई साधारण 19 घनफूट, चार तुळया 76, आणि 12 सेंटीमीटरची तक्तपोशी जवळपास 230 घनफूट. म्हणजे एका वर्गाच्या वरच्या मजल्याला तीनशे घनफुटांच्या पुढेच लाकूड गेले. एकमजली बांधा म्हणतो ते याचसाठी. नुसत्या छपराला 8 सेंटीमीटरची तक्तपोशी पुरते, आणि तुळयाही हलक्या होतात.

तक्तपोशी 1.2 मीटर रुंदीच्या पट्ट्यांत जमिनीवरच ठोकून घ्यावी आणि मग वर चढवावी. लाकडाचा ओलावा 12 वरून 16 टक्क्यांवर गेला तर एवढी पट्टी सेंटीमीटरभर फुगू शकते. दोन पट्ट्यांमध्ये तेवढी फट सोडा. न सोडलेली फट पहिल्याच श्रावणात भिंतीला ढकलते.

वरच्या मजल्यावर पोरांच्या पायांचा धडधडाट खाली ऐकू येतो, हे लाकडाचे खरे दुखणे आहे. तक्तपोशीवर रबराची चादर आणि त्यावर चार-पाच सेंटीमीटरचा कोबा घातला तर सुसह्य होते.

लाकडाचे जोड उद्यमबागेत करा

आपल्या भागाची ही सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे आणि तिकडे कुणाचे लक्ष नाही. कूस-साळीचा जोड आपले सुतार छान करतात, पण 6 मीटरच्या तुळईचा भार घ्यायला पोलादी पट्टी, तुळईच्या पोटात बसवलेली, आणि आरपार खुंट्या लागतात. तिची भोके अर्ध्या मिलिमीटरच्या फरकात जुळावी लागतात. बेळगावची उद्यमबाग आणि मच्छे इथे फाउंड्री आणि सीएनसीची (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची) कामे करणारे कारखाने आहेत. त्यांच्या दृष्टीने हे अगदी साधे काम. नकाशा द्या, पट्टी घ्या, आणि त्याच पट्टीला साचा म्हणून वापरून लाकडाला भोके मारा. पट्टी लाकडाच्या आत लपलेली असेल तर आगीतही ती उशिरा तापते. बाहेर दिसणाऱ्या लोखंडाला गॅल्व्हनायझिंग करून घ्या, नुसता रेडऑक्साइड पावसाळी हवेत टिकत नाही.

आयएस 1893:2016 च्या यादीत बेळगाव तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे. खांब-तुळयांचा सांगाडा बाजूने ढकलला की चौकोनाचा कलता चौकोन होतो, म्हणून कोपऱ्यांच्या खणांत तिरके टेके द्या किंवा जांभ्याच्या भिंतींना पट्ट्यांनी नीट बांधा. हलक्या छपराला वारा उचलतो, तेव्हा वाशापासून पायापर्यंत सलग लोखंडी पट्ट्यांची पकड हवी.

छप्पर आणि वळचण

कणकुंबी-आमगावकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जातो, अथणीकडे पाचसहाशे. दोन्हीकडे एकच नकाशा चालणार नाही. पश्चिम भागात छपराचा उतार 30 अंशांच्या आसपास ठेवा, पश्चिमेच्या बाजूला वळचण मीटर-सव्वा मीटर बाहेर काढा आणि वर्गापुढे पडवी द्या. झडीचे पाणी पडवीच्या खांबांवर थांबले पाहिजे, वर्गाच्या तुळईच्या टोकापर्यंत पोचता कामा नये. पडवीचे खांब दगडाचे किंवा सिमेंटचे केले तरी माझी हरकत नाही. तुळईचे उघडे टोक पाणी शोषते. ते वळचणीच्या आतच संपवा.

थर असे: तक्तपोशी, त्यावर पाणी अडवणारा पण वाफ जाऊ देणारा कागद, उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, मग आडव्या रिपा आणि कौले. उभ्या पट्ट्यांमुळे राहिलेल्या चार-पाच सेंटीमीटरच्या पोकळीतून हवा फिरते. कौल फुटून आत आलेले पाणी कागदावरून वाहून पागोळीला जाते. खानापूरला कौले आणि मातीकामाची परंपरा आहे, तेव्हा कौले लांबून आणायची गरज पडू नये.

वाळवी आणि आग

वाळवीसाठी आयएस 6313 प्रमाणे पायाला औषध घालतातच. पण माझा भर वाळवी वेळीच नजरेला पडण्यावर आहे. जोत्याच्या वर, लाकडाच्या खाली गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची बाहेर वाकवलेली पट्टी बसवा. वाळवी ती फोडत नाही, वळसा घालून मातीची नळी काढते आणि ती नळी आपल्याला दिसते. म्हणून जोत्याला लागून फुलझाडांचे वाफे, सरपणाचे ढीग, जुनी बाके नकोत. आतल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया घ्या. आर्सेनिक असलेली औषधे मुलांचा हात लागेल तिथे वापरू नका.

आगीचा प्रश्न पालकसभेत पहिला येणार. 16 जुलै 2004 ला कुंभकोणमच्या शाळेत 94 मुले गेली, ती गवताच्या छपराने. पातळ, सुके जळण आणि जाड तुळई यांत फरक आहे. जाड लाकडाचा बाहेरचा भाग कोळसा होतो आणि आतल्याला झाकतो. हिशेबाला मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर धरतात, म्हणजे तासाभरात एका बाजूने 39. आपली 180 मिलिमीटरची तुळई दोन्ही बाजूंनी जळून तासानंतर 102 उरते. उरलेला भाग भार घेतो का, हे इंजिनिअरने कागदावर दाखवलेच पाहिजे. मात्र तुळई उभी राहिली म्हणजे मुले वाचली असे नाही. धूर आधी मारतो. प्रत्येक मोठ्या वर्गाला बाहेर उघडणारी दोन दारे, जिना दीड मीटर रुंद, वायरिंग धातूच्या पाइपातून, आणि स्नेहसंमेलनाचा मंडप लाकडी पडवीला चिकटवायचा नाही. अग्निशमन खात्याला नकाशा दाखवायचा तो पाया खणण्याआधी.

कॅलेंडर

आपल्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, महाराष्ट्राच्या आधी. त्यावरून उलटे मोजा. कौले चढलेली असावीत एप्रिलच्या मध्यापर्यंत, कारण पुढे वळीव कधीही येतो. सांगाडा उभा करायचा जानेवारी-फेब्रुवारीत. जोते दिवाळीनंतर सुरू करून डिसेंबरअखेर पूर्ण. लाकूड त्याच्या आदल्या उन्हाळ्यात विकत घेऊन छपराखाली रचलेले. म्हणजे पैसे इमारतीच्या वर्षभर आधी लागतात, आणि देणगीदारांना हे आधीच सांगावे लागते. लाकूड उशिरा आले तर काम एक वर्ष पुढे ढकला. ओले लाकूड बसवून उद्घाटनाची तारीख गाठू नका, पाहुणे कितीही मोठे असले तरी.

पहिल्या खर्चात ही इमारत आरसीसीपेक्षा बहुधा महागच पडेल. स्वस्त म्हणून कुणी विकत असेल तर त्याने लाकडाची जाडी किंवा वाळवणे यांपैकी काहीतरी कापले आहे.

ताबा घेताना एक वही सुरू करा. मेमध्ये पन्हळी साफ, फुटकी कौले बदललेली, जोत्यावरच्या पत्र्याखाली नळी नाही ना ते बघितलेले. दसऱ्याच्या सुट्टीत तुळयांची टोके आणि खांबांचे तळ मॉइश्चर मीटरने तपासलेले, आकडा तारखेसह लिहिलेला. पहिल्या दोन वर्षांत लाकूड बसते तसे बोल्ट सैल होतात. ते पुन्हा आवळायला मेस्त्रीला यायला लावायचे, हे कराराच्या कागदावरच लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता तोवर राखून ठेवा. शे-दोनशे कौले आणि तक्तपोशीच्या त्याच जातीच्या दहा-वीस फळ्या माळ्यावर टाकून ठेवा. पुढे त्या मापाचे मिळत नाही.